धागा वर काढणारी माणसं

३ फेब्रुवारी २०१७ रोजी आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीकोशानं आपल्या वापरकर्त्यांना कळवलं, की चर्चाफलक २० तारखेला बंद होतील. एवढा पसारा आवरायला सतरा दिवस. तोवर या संकेतस्थळावर नोंद असलेल्या प्रत्येक चित्रपटाच्या आणि प्रत्येक नटनटीच्या पानाखाली एक फलक असे. ‘गॉडफादर’खाली होता तसा कुणी नावही न ऐकलेल्या १९४०च्या दशकातल्या रहस्यपटाखालीही होता, आणि खरी मौज त्या दुसऱ्या जातीच्या फलकांवर होती. हॉटेलातल्या प्रसंगात मागे उभी असलेली ती बाई कोण, असं कुणीतरी विचारून ठेवलेलं असे. तीनचार वर्षं तिकडे कुणी फिरकत नसे. मग कुठल्याशा वाहिनीवर मध्यरात्रीनंतर तो चित्रपट लागे आणि दुसऱ्या दिवशी प्रश्नाखाली उत्तर पडलेलं असे. विचारणारा एव्हाना कायमचा निघून गेलेला असला तरी बिघडत नसे. तोच प्रश्न पडलेला तिसराच कुणी नंतर येऊन आभार मानून जाई.

बंद करण्यामागचं कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं होतं: लोक आता चित्रपटांविषयी समाजमाध्यमांवर बोलतात, आणि हे फलक आमच्या बहुसंख्य वापरकर्त्यांना उपयोगी किंवा सुखाचे वाटेनासे झाले आहेत. यातलं काही खोटं नव्हतं. लोकप्रिय चित्रपटांच्या फलकांवर तेव्हा इतकी घाण साचली होती, की शहाणा माणूस तिकडे नाक दाबूनच जाई. पण बोलणं दुसरीकडे गेलं, सबब गमावण्यासारखं काही उरलं नाही, हा जो हिशेब त्या निवेदनात गृहीत धरला होता, तो साफ चुकीचा आहे. या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या निमित्तांनी लिहिले आहेत आणि त्यांचं आपसात पटतंच असंही नाही. पण त्या हिशेबाशी सगळेच भांडतात, म्हणून ते एका बांधणीत आले आहेत.

यात एक गंमत आहे. आयएमडीबी स्वतः चाहत्यांच्या अशाच गप्पांतून जन्माला आली. यूझनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर चित्रपटांची चर्चा करणारा रेक.आर्ट्स.मूव्हीज नावाचा गट होता. तिथले हौशी लोक नटनट्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या याद्या करत, एकमेकांच्या चुका काढत आणि याद्या वाढवत. १९९० साली कॉल नीडम या इंग्लंडमधल्या संगणक-अभियंत्यानं त्या याद्यांत शोध घेता येईल अशा आज्ञावल्या लिहून गटावर टाकल्या. आठ वर्षांनी ॲमेझॉननं हा सगळा प्रपंच विकत घेतला. ज्या ओट्यावरच्या गप्पांमुळे दुकान उभं राहिलं, त्याच ओट्यावरून पुढे दुकानदारानं गप्पा मारणाऱ्यांना उठवलं.

तरुण वाचकांपैकी अनेकांनी असा फलक पाहिलेलाच नसेल, म्हणून आधी त्याची रचना सांगतो. उघडल्यावर दिसे ती विषयांची यादी. प्रत्येक ओळीत धाग्याचं शीर्षक, तो कुणी काढला, किती प्रतिसाद आले, शेवटचा कुणाचा आणि कधीचा. नवा प्रतिसाद आला की धागा यादीत वर येई. बस्स, एवढीच यंत्रणा. कुणाला काय दाखवावं हे ठरवणारं गणित पडद्याआड बसलेलं नव्हतं. सगळ्यांना तीच यादी त्याच क्रमानं दिसे. त्यामुळे चार वर्षांपूर्वीचा धागा कुणीही, केवळ त्याला तो आज आवडला म्हणून, पुन्हा सगळ्यांच्या पुढ्यात आणू शके. काही फलकांवर याला मनाई असे, काही ठिकाणी टिंगल होई. मला विचाराल तर फलक चालले ते या धागा वर काढणाऱ्या माणसांच्या जिवावर. विषय जुना झाला म्हणून संपला असं त्यांना वाटत नसे.

प्रत्येक प्रतिसादाच्या डाव्या अंगाला एक पट्टा असे: सदस्यनाम, टिचभर चित्र, सदस्य झाल्याची तारीख आणि आजवरच्या प्रतिसादांची संख्या. खरं नाव, गाव, व्यवसाय यांतलं काही नाही. तरीही सहा महिने वाचलं की कळे, प्रकाशयोजनेबद्दल कुणाचं ऐकावं, पहिल्या हंगामातल्या विसंगती कुणाला पाठ आहेत, कोण विनाकारण उखडतो आणि कोण उखडला की त्यात तथ्य असतं. पत नुसत्या बोलण्यातून जमत जाई. ती त्या फलकापुरतीच असे, बाहेर तिची किंमत शून्य. समाजमाध्यमावर माणूस आपली ओळख सोबत घेऊन येतो, फोटोसकट, नातेवाइकांसकट. फलकावर तो नुसता विषय घेऊन येई. ‘स्टार ट्रेक’मधल्या एका संवादावरून तीन पानं वाद घालणारा माणूस कचेरीत ते तोंडातून काढू शकत नसे. त्याला ती मोकळीक फक्त इथे होती.

नवख्यानं आधी काही दिवस गप्प बसून वाचायचं, हा सगळीकडचा अलिखित नियम. आपल्या मराठी संस्थळांवर अशा माणसाला ‘रोमात आहे’ म्हणतात. जुने सदस्य सांगत, आधीची पानं वाच, तुझा प्रश्न येऊन गेलाय. हे ऐकायला उद्धट वाटे आणि पुष्कळदा असेही. पण त्यामागे एक धारणा होती, की आधी झालेलं बोलणं शिल्लक आहे आणि ते वाचण्याच्या लायकीचं आहे.

सुरुवातीच्या यूझनेटच्या दिवसांतली एक बारीकशी रीत मला फार आवडते. मालिकेतलं रहस्य उघड करायचं असेल तर लिहिणारा वर तशी सूचना देई आणि मग पडदाभर कोऱ्या ओळी सोडी. तेव्हाच्या पडद्यावर साधारण चोवीस ओळी मावत, म्हणून तेवढ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दाखवलेला भाग पश्चिम किनाऱ्यावर तीन तासांनी दिसे. तिकडच्या अनोळखी माणसाचा रसभंग होऊ नये म्हणून इकडचा माणूस चोवीस वेळा कळ दाबत बसे. कुणी सक्ती केलेली नव्हती.

या गप्पा मालिका बनवणाऱ्यांच्या कानांवर जात होत्या. ‘द एक्स-फाइल्स’ १९९३ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि तिचे चाहते लगोलग यूझनेटवर जमले. पुढच्या वर्षी दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच भागात मालिकेची नायिका स्कली विमानातल्या प्रवाशांची यादी चाळते. त्या यादीतली नावं संगणकावर जमणाऱ्या चाहत्यांची होती. क्षणभर पडद्यावर येऊन गेलेली ती नावं ओळखणारे लोक फक्त त्या गटांवरच होते, आणि ती त्यांच्यासाठीच घातलेली होती.

‘बॅबिलॉन ५’ या विज्ञानकथा-मालिकेचा कर्ता जे. मायकेल स्ट्रझिन्स्की तर चाहत्यांच्या गटांवर नियमित हजर असे. भाग कसा लिहिला, चित्रीकरणात काय अडलं, हे तो सांगे, उलट प्रश्नांना उत्तरं देई, प्रसंगी भांडेही. पण कायदा आडवा आला. स्मृती पुसून टाकलेल्या खुन्याला पुढे आपल्याच गुन्ह्याचा पत्ता लागला तर, अशी कल्पना एका चाहत्यानं सहज लिहून टाकली. त्याच कल्पनेवरचा भाग स्ट्रझिन्स्कीच्या डोक्यात आधीपासून होता. उद्या कुणी चोरीचा दावा लावला तर काय? त्यानं तो भाग बाजूला ठेवला, आणि चाहत्यानं आपला त्यावर हक्क नाही असं रीतसर लिहून दिल्यावरच पुढे काढला. ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ या नावानं तो १९९५ साली दाखवला गेला. पुढे या मालिकेसाठी नियंत्रकांच्या चाळणीतून जाणारा वेगळा गट निघाला. तिथे कथाकल्पना लिहायला सक्त मनाई होती.

लेखकानं चाहत्यांत उतरणं नेहमी गोडीगुलाबीचं ठरलं असंही नाही. टेलिव्हिजन विदाउट पिटी हे संकेतस्थळ १९९८ साली ‘डॉसन्स क्रीक’ या एकाच मालिकेची टर उडवण्यासाठी निघालं आणि नाव बदलत बदलत सगळ्या दूरचित्रवाणीचं परीक्षागृह होऊन बसलं. तिथली शिस्त हेडमास्तरी. शुद्धलेखन सांभाळा, आधीची पानं वाचा, फलकावर फलकाविषयी बोलू नका. ‘द वेस्ट विंग’चा लेखक ॲरन सॉर्किन या फलकावर आला, तिथे त्याचे खटके उडाले, आणि २००२ साली त्यानं मालिकेतच त्याचं उट्टं काढलं. राष्ट्राध्यक्षांचा एक सहायक आपल्या नावानं चाललेलं चाहत्यांचं संकेतस्थळ बघतो, न राहवून उत्तर देतो आणि तोंडघशी पडतो. नियंत्रकांची त्या भागात यथेच्छ खिल्ली आहे. सॉर्किन चांगला लेखक आहे, पण तो भाग मला त्याच्या रागाचा पुरावा म्हणूनच जास्त लक्षात राहतो. एका कोपऱ्यातल्या मूठभर लोकांच्या मताची त्याला एवढी पर्वा होती, हे त्या फलकाचं वजन.

‘बफी’ या मालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावर ब्राँझ नावाचा फलक होता. मालिकेतल्या अड्ड्याचंच नाव. तिथली मंडळी दरवर्षी लॉस एंजलिसमध्ये जमत, मालिकेतले कलाकारही त्यांच्यात येत. २००१ साली मालिका एका वाहिनीकडून दुसरीकडे गेली आणि जुन्या वाहिनीचा फलक बंद झाला. सदस्यांनी रातोरात दुसरी जागा गाठली. फेसबुकचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. फलकांच्या मरणाचा दोष समाजमाध्यमांवर टाकून मोकळे होणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आपल्याकडची गोष्ट जरा निराळी आहे, पण तीही अमेरिकेतच सुरू होते. नव्वदीच्या दशकात तिकडच्या विद्यापीठांत शिकायला गेलेल्या भारतीय मुलामुलींनी रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क या यूझनेट गटावर हिंदी चित्रपटगीतांचा अड्डा जमवला. संगणकावर नागरी उमटवणं तेव्हा सोपं नव्हतं. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स या पद्धतीनं रोमन अक्षरांत गाणी लिहायची आणि छापताना ती नागरीत उतरायची, असा मार्ग निघाला. गाण्यांचे शब्द कॅसेट मागेपुढे करत उतरवले गेले. सोबत चित्रपट, साल, संगीतकार, गीतकार. दुसऱ्या कडव्यातला अमुक उर्दू शब्द खरा की तमुक, यावरून रणं माजत. हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोश’चे खंड ज्याच्याकडे असत त्याच्या शब्दाला वजन येई. आज कुठलंही जुनं गाणं शोधलं की त्याचे शब्द क्षणात समोर येतात. त्यांतले कितीतरी मुळात या विनावेतन कारकुनीतून आलेले आहेत. नाव मात्र सहसा कुणाचंच दिसत नाही.

१९९६ च्या गणेशचतुर्थीला मायबोली सुरू झाली. पुढे २००४ साली मनोगत आणि २००७ साली मिसळपाव. ही काही चाहत्यांची संस्थळं नव्हेत, तिथे पाककृतीपासून राजकारणापर्यंत सगळंच चाले. पण चाहत्यांनी आपापले कोपरे धरलेच. मायबोलीवरचे मालिकांचे धागे हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली सुरू असताना खून कुणी केला याचे तर्क तिथे ज्या गांभीर्यानं लढवले गेले, तेवढं गांभीर्य खुद्द मालिकेला झेपलं नाही. रोजचा भाग संपला की त्याची चिरफाड सुरू. नायिकेच्या साडीपासून घराच्या नकाशापर्यंत काही सुटत नसे. मालिका अजिबात न बघता फक्त धागा वाचणारे सदस्य होते, आणि त्यांना कथानक बघणाऱ्यांपेक्षा चोख माहीत असे. प्रतिसाद फार झाले की नवा धागा, भाग दोन, भाग तीन. शिव्या घालत मालिका बघणं हा एकट्यानं करायचा उद्योग नव्हेच. डोंबिवलीतली एक आणि न्यू जर्सीतली एक अशा दोघी एकमेकींचं खरं नाव माहीत नसताना त्यात सामील असत, आणि मग कधीतरी गटगला, म्हणजे सदस्यांच्या प्रत्यक्ष मेळाव्याला, भेटून एकमेकींना सदस्यनामानंच हाका मारत.

असो. मग हे सगळं ओसरलं कशानं?

फेसबुक २००६ च्या सप्टेंबरात सर्वांना खुलं झालं, ट्विटर त्याच वर्षीचं. भारतात त्याआधीच ऑर्कुटनं लोकांना समुदायांची चटक लावली होती. २००४ साली सुरू झालेलं ऑर्कुट गूगलनं २०१४ च्या ३० सप्टेंबरला बंद केलं, तोवर लोक फेसबुकवर पोचलेही होते. नंतर स्मार्टफोन आला. फलक टेबलावरच्या संगणकासाठी घडलेला होता. डावा पट्टा, अवतरणात अवतरण, तळाशी सदस्याची सही, हे हातभर पडद्यावर बसत होतं, फोनवर बसेना. हे सगळं खरं. पण दोन कारणं मला याहून महत्त्वाची वाटतात, आणि त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं.

पहिलं कारण मालिकांतच आहे. फलक जगत ते दोन भागांमधल्या आठवड्यावर. ‘लॉस्ट’ २००४ ते २०१० या काळात दाखवली गेली तेव्हा एका भागात दिसलेल्या आकड्यावर किंवा पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लोक सात दिवस डोकं खपवत. सात दिवस हातात असले की माणूस लांब लिहितो, दुसऱ्याचं खोडतो, गुरुवारी आपलंच मत बदलतो. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सनं ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकदम टाकले. आता कुणी पाचव्यावर, कुणी नवव्यावर, कुणी दोन रात्रींत सगळं आटोपून मोकळा. एकत्र थांबण्याची जागाच गेली. यावर कुणी ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं उदाहरण देईल: ती आठवड्याला एक अशीच दाखवली गेली आणि तिच्यावर जगभर बोललं गेलं. कबूल. पण ते बोलणं बव्हंशी भाग चालू असतानाच होऊन जात होतं, पुढच्या तासाच्या आत. जो तासाभरात बोलला नाही त्याचं बोलणं शिळं. आठवडा होता, पण तो वापरायची सवय मोडली होती.

दुसरं कारण पैशाचं आणि कष्टांचं. फलक उभारणं स्वस्त झालं होतं. पीएचपीबीबी ही फुकट मिळणारी आज्ञावली २००० साली आली आणि महिन्याला थोडे डॉलर खर्चून कुणीही फलक थाटू शकला. तो चालवणं मात्र कधीच स्वस्त नव्हतं. जाहिरातींचा कचरा रोज काढायचा, भांडणं सोडवायची, एकाला हाकललं की तो दुसऱ्या नावानं येतो त्याला ओळखायचं, आणि याबद्दल वर्षानुवर्षं फक्त शिव्या खायच्या. नियंत्रक हा पगार नसलेला फौजदार. त्याला मूल झालं, नोकरी बदलली, किंवा नुसताच कंटाळा आला, की फलकाला उतरती कळा लागे. सर्व्हर कुणाच्या तरी क्रेडिट कार्डावर चाले. कार्डाची मुदत संपल्याचं लक्षात राहिलं नाही म्हणूनही असे फलक गेले. चित्रं तर बहुतेकांनी परक्या ठिकाणीच ठेवलेली. २०१७ च्या जूनअखेर फोटोबकेटनं अटी बदलल्या आणि दुसऱ्या संकेतस्थळावर चित्र दाखवायचं असेल तर वर्षाला सुमारे चारशे डॉलर मागितले. एका दिवसात हजारो जुन्या धाग्यांतली चित्रं गेली आणि त्यांच्या जागी पैसे भरा अशी पाटी आली. हाताने शिवलेल्या पोशाखांचे, घरी बनवलेल्या यानांच्या प्रतिकृतींचे जे टप्प्याटप्प्यानं सांगितलेले धागे होते, त्यांचा मजकूर राहिला. पण ‘खालच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे’ या वाक्याखाली काहीच नाही.

समाजमाध्यमांनी पैसे आणि कष्ट या दोन्ही अडचणी सोडवून दिल्या. सर्व्हर आमचा, फौजदारी आमची, तुम्ही नुसतं या आणि बोला. लोक गेले यात नवल नाही. बदल्यात त्यांनी बोलण्याची मांडणी देऊन टाकली. फलकावर बोलणं विषयापाशी ठेवलेलं असे. समाजमाध्यमावर ते माणसापाशी आणि वेळेपाशी ठेवलेलं असतं. फेसबुकच्या गटात तीन वर्षांपूर्वी झालेली उत्तम चर्चा शोधून पाहा. रेडिट त्यातल्या त्यात विषयाला धरून आहे, पण तिथे मतं मिळालेलं वर आणि न मिळालेलं खाली, आणि पहिल्या तासात जमलं नाही तर गेलात. डिस्कॉर्डवर गप्पा रंगतात. बाहेरच्या शोधयंत्राला मात्र त्यांचा पत्ता नसतो, आणि आतल्याला कालचं सापडताना मारामार. व्हॉट्सॲपवर जुन्या गाण्यांचे कितीतरी गट आहेत, त्यांत थोर जाणकारही आहेत. तिथलं लिखाण चार गट फिरलं की लेखकाचं नाव गळतं, आणि आणखी दहा फिरलं की त्याखाली पु. ल. देशपांडे येतात. दर आठवड्याला तोच माणूस तोच प्रश्न विचारतो, कारण गेल्या आठवड्याचं उत्तर वर सरकून दिसेनासं झालेलं असतं.

चाहतेपणाचा पोतही यानं बदलला. आता पुष्कळ ठिकाणी चाहत्याचं काम मोजणीचं झालंय: हॅशटॅग वर नेणं, झलकीला अमुक तासांत तमुक दृश्यसंख्या मिळवून देणं, प्रतिस्पर्धी नटाच्या चाहत्यांना नामोहरम करणं. तमिळ चित्रपटांतल्या विजय आणि अजित यांच्या चाहत्यांची ट्विटरवरची युद्धं यासाठी प्रसिद्धच आहेत. कोरियन संगीतात तर व्यवसायानं चाहत्यांची जागाच आपल्या ताब्यात घेतली; २०१९ साली निघालेलं वीव्हर्स हे बीटीएसच्याच कंपनीचं आहे. तिथे कलाकार थेट बोलतो आणि चाहता तिथेच खरेदीही करतो. सॉर्किनला ज्या प्रकारचा मार बसला तो तिथे बसणं कठीण.

इतकं म्हटल्यावर उलटी बाजूही मांडायला हवी. जुने फलक म्हणजे नंदनवन नव्हतं. टेबलावर संगणक, घरात जोडणी आणि अंगात इंग्रजी असलेल्यांचीच ती जागा होती. जुन्या सदस्यांची कंपूबाजी इतकी, की पुष्कळ नवे लोक पहिल्या प्रतिसादानंतर परत आले नाहीत. बायकांनी बाईचं सदस्यनाम घेतलं की काय वाट्याला येई याची वर्णनं पुढच्या लेखांत आहेत, ती वाचून कुणाचंही स्मरणरंजन थंडावेल. आज जालन्यातली एखादी मुलगी फोनवर मराठीतून आपल्या आवडत्या गायकाबद्दल लिहिते आणि तिला शंभर वाचक मिळतात. फलकांच्या ऐन बहराच्या काळात तिला दारही सापडलं नसतं. हे मी उदारपणा म्हणून लिहीत नाही. फलकांच्या बाजूनं लिहिणाऱ्या बहुतेकांना याचा सोयीस्कर विसर पडतो, म्हणून लिहितो.

तरी मुख्य तक्रार उरतेच, आणि ती जतनाची आहे. टेलिव्हिजन विदाउट पिटी २००७ साली एका बड्या वाहिनीसमूहानं विकत घेतलं. २०१४ च्या एप्रिलात लेखन थांबलं आणि ३१ मे रोजी फलक बंद झाले. याहू ग्रुप्सनं २०१९ च्या ऑक्टोबरात सांगितलं, की साठवलेलं सगळं डिसेंबरात पुसलं जाईल. वीस वर्षांची टपाली चर्चा, हातात दोन महिने. हौशी जतनकार रात्रंदिवस गट उतरवून घेऊ लागले, तर कंपनीनं त्यांचीच कितीतरी खाती अडवली. आयएमडीबीच्या फलकांचा बराच भाग वाचला तोही अशाच परक्या हौशी लोकांनी आधी नक्कल करून ठेवला म्हणून. कंपन्या दुष्ट होत्या असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या ताळेबंदात या गप्पांना रकानाच नव्हता, एवढंच.

ज्यांना हे वेळीच उमगलं त्यांनी वेगळी वाट धरली. २००७ साली लाइव्हजर्नल या ब्लॉगांच्या संकेतस्थळानं कुठलीही नीट चौकशी न करता शेकडो खाती एका फटक्यात बंद केली. त्यांत चाहत्यांच्या कथांची खाती होती. त्याच वर्षी चाहत्यांनी स्वतःची ना-नफा संस्था काढली, वर्गणी गोळा केली, स्वतःचे सर्व्हर घेतले. तिचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथाभांडार २००९ साली खुलं झालं आणि २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. वेस्टेरॉस.ऑर्ग हा जॉर्ज मार्टिनच्या वाचकांचा फलक ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि मालिका संपल्यावरही चालू राहिला. मायबोली चालू आहे. यांत समान धागा एकच दिसतो: सर्व्हरचं बिल भरणाऱ्याला विषयाचं प्रेम आहे. ज्या फलकांचं बिल दुसऱ्या कुणी भरलं, ते त्या दुसऱ्याची गरज संपेपर्यंत टिकले. समाजमाध्यमांवरच्या आजच्या गटांनाही हाच नियम लागू पडेल.

या पुस्तकातले लेख कुठल्याही क्रमानं वाचावेत. नियंत्रकांनी लिहिलेले लेख मात्र आधी वाचावेत असं सुचवीन. बाकीचे सगळे गप्पा मारणाऱ्यांच्या बाजूनं आहेत आणि झाडू कुणी मारला ते त्यांतून कळत नाही. काही लेखकांनी जुने प्रतिसाद उद्धृत केले आहेत. ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांची परवानगी घेतली आहे, ज्यांचा लागला नाही त्यांचं सदस्यनामही गाळलं आहे. टोपणनावाच्या भरवशावर लोकांनी जे लिहिलं ते त्या भरवशासकट जपलं पाहिजे.

आणि एक विनंती. आपण कधीकाळी एखाद्या टपाली गटावर असाल, तर आपली जुनी टपालपेटी एकदा उघडून पाहा. गटाकडून रोज येणारा मजकुराचा गठ्ठा कित्येकांनी वाचला नाही तसा पुसलाही नाही. मूळ गट नाहीसा झालेला असला तरी ते गठ्ठे तिथे पडून असतील. जुन्या संगणकावर उतरवून घेतलेली पानं असतील, एखाद्या बंद फलकाच्या मालकाकडे साठ्याची प्रत असेल. फार खटाटोप नको. एका वेगळ्या तबकडीवर नक्कल करा, फलकाचं नाव आणि साल लिहून ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.